घरगुती प्रश्नात सल्ला देताना आणि मागताना : या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी

नवरा-बायकोचे बिनसले, सासू-सुनेचे पटेनासे झाले किंवा मुलगी माहेरी येऊन बसली की आपल्याकडे माणूस वकिलाकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्याआधी ओळखीच्या कोणाकडे तरी जातो. मग त्या शाळेतल्या बाई असतील, अंगणवाडी सेविका असेल, सोसायटीचे सचिव असतील किंवा ऑफिसातली वयाने मोठी सहकारी असेल. यांतल्या बहुतेकांना या कामाचे शिक्षण मिळालेले नसते. तरीही त्यांच्या एका वाक्यावर समोरची व्यक्ती घर सोडते, तक्रार मागे घेते किंवा वाचून न पाहता कागदावर सही करते. मी बरीच वर्षे एका कौटुंबिक सल्ला केंद्रात स्वयंसेविका म्हणून बसते आहे, आणि तिथे येणाऱ्या पुष्कळ जणांची अडचण मूळ भांडणाइतकीच आधी मिळालेल्या सल्ल्यांनीही वाढलेली असते. हे सल्ले वाईट हेतूने दिलेले नसतात. मात्र ते देणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळलेल्या नसतात. त्या गोष्टी मी इथे क्रमाने मांडते आहे. सगळ्यांच्या मागे एकच विचार आहे: सल्ल्याचे परिणाम ज्याला भोगायचे आहेत, निर्णय त्याचाच राहिला पाहिजे.

१. आपण कोणत्या नात्याने ऐकतो आहोत, ते आधी पाहा

कोणी सांगायला सुरुवात केली की आपण ऐकू लागतो आणि आपले स्वतःचे हितसंबंध त्यात कुठे गुंतले आहेत हे तपासायचे राहून जाते. आपल्या समाजात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ज्यांनी सोयरीक जमवली ते मध्यस्थ. लग्नात कुरबूर झाली की दोन्ही घरे पहिल्यांदा त्यांच्याकडेच धावतात, पण ते लग्न टिकण्यात त्यांची स्वतःची अब्रू अडकलेली असते. अशा माणसाने ‘थोडे सोस, सगळे ठीक होईल’ म्हटले, तर ते त्या मुलीच्या भल्यासाठी म्हटले की आपल्या नावासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. घरमालकाने भाडेकरूला, मालकाने नोकराला आणि उसने पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याला सल्ला देतानाही हीच अडचण असते.

असा संबंध असेल तर तो बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावा. ‘तुझी नणंद आणि मी एकाच भिशीत आहोत, हे लक्षात घेऊन मग मला सांगायचे का ते ठरव,’ एवढे वाक्य पुरते. त्यानंतरही समोरच्या व्यक्तीला बोलायचे असेल तर बोलू द्यावे. नाहीतर दुसरे नाव सुचवून बाजूला व्हावे.

२. विचारणाऱ्या व्यक्तीला थोडा वेळ तरी एकटे भेटा

केंद्रात बाई सहसा एकटी येत नाही. बरोबर आई असते, मोठा भाऊ असतो, कधी अख्खे माहेर असते. त्यांच्या सोबतीचा आधार असतो हे खरे, पण प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाला हवे आहे, हे त्या गर्दीत दिसेनासे होते.

एका दुपारी पंचविशीतली एक मुलगी मोठ्या बहिणीबरोबर आली होती. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बहीणच देत होती: नवरा पगार आईच्या हातात देतो, सणाला माहेरी पाठवत नाही, पोटगीचा दावा लावायचा आहे. मुलगी मान खाली घालून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आधार कार्डाची झेरॉक्स आणायला मी बहिणीला समोरच्या दुकानात पाठवले, तेव्हा ती मुलगी घाईघाईने म्हणाली, ‘मॅडम, माझी दहावी-बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या कपाटात आहे. एएनएम नर्सिंगचा फॉर्म भरायचा आहे, तारीख जवळ आली आहे. ते कागद भांडण न वाढवता मिळतील का?’ पोटगीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मार्कशीटची दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून आणि दाखल्याची प्रत शाळेकडून अर्ज करून मिळू शकते, हे तिला ठाऊक नव्हते. तिला त्या दिवशी हवी होती ती एवढीच माहिती. पोटगीचा विचार तिने नंतर, तिच्या सवडीने केला असता; तो तिचा हक्क होता.

म्हणून सोबत आलेल्यांचे ऐकून घ्यावे, त्यांना मान द्यावा, आणि काहीतरी निमित्त काढून दहा मिनिटे मूळ व्यक्तीला एकटे गाठावे. पुरुषांच्या बाबतीतही हेच करावे. आईवडिलांसमोर बसलेला मुलगा बायकोबद्दल जे बोलतो आणि जिन्यात एकटा असताना जे बोलतो, त्यात बरेच अंतर असते.

३. प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका वाक्यात येऊ द्या

सगळे ऐकून झाल्यावर ‘आज माझ्याकडून तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ असे विचारावे. पुष्कळ जण या प्रश्नाने थबकतात आणि काही जण म्हणतात की काहीच नको, फक्त कोणाला तरी सांगायचे होते. तसे असेल तर ऐकण्यावरच थांबावे. मागितला नसताना दिलेला सल्ला दडपणासारखा वाटतो, आणि तो पाळला नाही म्हणून ती व्यक्ती पुढच्या वेळी तोंड चुकवते.

मूल न होणे, शरीरसंबंधातली अडचण, लग्नाबाहेरचे नाते, अशा प्रश्नांत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची एक आठीसुद्धा बोलणे बंद करते. संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू करून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ, शास्त्राला धरून उत्तरे दिली. त्याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विचारणाऱ्याची लाज न काढता जे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, ही शिस्त तेव्हा जितकी दुर्मीळ होती तितकीच आजही आहे. उत्तर ठाऊक नसेल तर डॉक्टरांचे नाव सांगावे आणि ‘असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी जाते’ असा धीर द्यावा.

४. गुप्ततेचे वचन मोजून द्या

‘कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. ते द्यायचे असेल तर त्याच्या मर्यादाही त्याच वेळी सांगाव्यात, कारण काही बाबतींत कायदाच गप्प बसू देत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे आपल्याला कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘घरातच मिटवू, पोरीचे नाव खराब होईल’ हा सल्ला देणारा मग केवळ चुकीचा सल्लागार राहत नाही. पीडित मुलाची ओळख उघड करण्यास त्याच कायद्याने बंदी आहे, हे घाबरलेल्या आईला आवर्जून सांगावे. जिवाला धोका असेल, तिथेही गुप्तता मागे पडते. म्हणून वचनाचे शब्द असे असावेत: ‘तुझ्या जिवाला किंवा एखाद्या मुलाला धोका नसेल, तर हे माझ्यापाशीच राहील.’

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम १३२ मध्ये आहे. मैत्रिणीशी किंवा शेजाऱ्याशी झालेल्या बोलण्याला तसे संरक्षण नाही, आणि उद्या दावा उभा राहिला तर त्यांना साक्षीला बोलावले जाऊ शकते. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असे दिसत असेल, तर सगळा तपशील आपल्याला सांगू नये आणि तो वकिलासाठी राखून ठेवावा, असे समोरच्या व्यक्तीला आपणच सुचवावे.

प्रत्यक्षात गुप्तता फुटते ती बहुधा मोबाइलवर. रात्री अकरा वाजता आपण काळजीने ‘मग काय ठरलं?’ असा निरोप पाठवतो, आणि तो चार्जिंगला लावलेल्या फोनच्या पडद्यावर नवऱ्याला दिसतो. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, नाहीतर त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामुळे कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळी संपर्क करायचा हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, आपल्याला आलेले लेखी निरोप पुढे पाठवू नयेत, आणि ‘नाव न घेता’ कोणाला विचारतानाही सांभाळावे. लहान गावात ‘बँकेत आहे, दोन मुली आहेत, नवरा मुंबईला असतो’ एवढ्या वर्णनावरून माणूस ओळखता येतो.

५. माहिती, मत आणि सल्ला यांची सरमिसळ करू नका

या कामातली सर्वांत मोठी हानी इथे होते, म्हणून या पायरीवर मी जास्त वेळ थांबते आहे.

‘कायद्यात असे आहे’ ही माहिती झाली. ‘मला वाटते तो सुधारणार नाही’ हे मत झाले. ‘तू घर सोड’ हा सल्ला झाला. तिन्ही गोष्टी आपण एकाच सुरात सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्या सारख्याच वजनाच्या वाटतात. माहिती द्यायची असेल तर ती खात्रीची असावी, मत द्यायचे असेल तर ‘हे माझे मत आहे’ असे म्हणून द्यावे, आणि सल्ला देण्याची वेळ आलीच तर एकाहून अधिक वाटा समोर ठेवून प्रत्येक वाटेने गेल्यास पुढे काय येते ते सांगावे.

खात्री न करता दिल्या जाणाऱ्या माहितीचे काही नेहमीचे नमुने असे आहेत.

‘स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करा, काडीमोड झाला.’ हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न अशा कागदाने मोडत नाही. एखाद्या समाजात घटस्फोटाची रूढी असेल आणि ती सिद्ध करता आली, तेवढाच त्याला अपवाद आहे; एरवी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. या कागदावर विसंबून दुसरे लग्न केले तर तो द्विविवाहाचा गुन्हा ठरू शकतो, आणि दुसऱ्या बाईचीही फसगत होते.

‘सहमतीने घटस्फोट सहा महिन्यांत मिळतो.’ हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ त्याहून वेगळा आहे. हा दुसरा काळ योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. पण ते कोर्टाच्या हाती आहे आणि गृहीत धरण्यासारखे नाही. शिवाय लग्न कोणत्या कायद्याखाली झाले यावर सगळे अवलंबून असते, त्यामुळे ‘माझ्या मावसबहिणीचे असेच झाले होते’ हा आधार तोकडा पडतो.

‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?’ २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर तिच्या नावावर नसले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क त्याच्या कलम १७ ने तिला दिलेला आहे. मारहाणीइतकेच अपमान करणे आणि पैशांनी अडवून ठेवणे हेही या कायद्यात हिंसाचारात मोडते. त्यामुळे ‘आधी माहेरी निघून जा, मग बघू’ हा सल्ला देण्यापूर्वी तिला हा हक्क माहीत आहे का ते पाहावे. जिवावर बेतले असेल तर अर्थातच आधी बाहेर पडावे.

‘पोलिसांत गेलीस तर संसार संपला.’ तक्रार करणे आणि गुन्हा नोंदवणे यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तसे कक्ष राज्यात इतरत्रही झाले. अनेक शहरांत पोलिसांचा भरोसा सेल आहे. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल नोंदवता येतो. यांतले कोणते दार ठोठवायचे, ते तिने ठरवायचे आहे.

गुंतवणूक, औषधे आणि मानसिक आजार यांत आपण सल्ला देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘माझी झोपेची गोळी घेऊन बघ’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्यही घातक ठरू शकते.

६. दुसरी बाजू आपण ऐकलेली नाही, हे विसरू नका

याचा अर्थ सांगणाऱ्यावर अविश्वास दाखवावा असा नाही. गैरहजर माणसाबद्दल निकाल देऊ नये, एवढेच. ‘तो नालायकच आहे’ असे आपण आज म्हणतो, महिन्याभराने दोघे पुन्हा एकत्र नांदू लागतात, आणि तिला आपल्याकडे येण्याचे तोंड उरत नाही. वागणुकीबद्दल बोलावे: ‘हात उगारणे चूक आहे’ हे वाक्य कोणतीही बाजू न ऐकता म्हणता येते, आणि ते ठामपणे म्हटलेच पाहिजे.

परस्पर जाऊन दुसऱ्या बाजूशी बोलण्याचा मोह फार होतो. स्पष्ट परवानगीशिवाय ते करू नये, कारण आपण गेल्यानंतर त्या घरात रात्री काय होईल हे आपल्याला दिसत नसते.

७. थांबून चालणार नाही, अशा वेळा

मारहाण चालू असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. जीव देण्याची भाषा कोणी केली, तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. ‘तसे काही ठरवले आहे का?’ असे सरळ विचारावे, माणसाला एकटे ठेवू नये, आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही फोन लावावा. पोलिस केसच्या भीतीने दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते.

शेजारी चाललेल्या हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते, आणि प्रामाणिक हेतूने दिलेल्या माहितीसाठी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे.

८. जवळ ठेवायचे कागद

सल्ला मागणाऱ्या व्यक्तीने पुढील कागदांच्या झेरॉक्स किंवा फोटो घराबाहेर, विश्वासाच्या ठिकाणी ठेवावेत. सल्ला देणाऱ्याने मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत.

• आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक
• विवाह नोंदणीचा दाखला. तो नसल्यास लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो
• मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद
• स्वतःची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला
• दवाखान्याचे कागद, एक्स-रे, बिले
• आधी केलेल्या तक्रारींच्या पोच, एनसीची (पोलिसांतल्या अदखलपात्र नोंदीची) प्रत
• स्त्रीधनाची यादी, शक्य असल्यास दागिन्यांच्या पावत्यांसह
• घटनांची तारखेनिशी नोंद असलेली साधी वही

वहीबद्दल एक सूचना. नोंद थोडक्यात करावी: काय झाले, केव्हा, कोण हजर होते. मनातला सगळा राग तिच्यात उतरवला तर पुढे ती कोणाला दाखवायला संकोच वाटतो.

९. सल्ला मागणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी

सल्ला मागणे हेही जबाबदारीचे काम आहे. पाच जणांना पाच तऱ्हेने सांगून ज्याचे उत्तर मनासारखे आले त्याचे ऐकायचे, ही सवय सर्वांत आधी स्वतःलाच फसवते. गैरसोयीचा भाग गाळून सांगितला तर मिळणारा सल्ला दुसऱ्याच कोणासाठी असतो. आपणही हात उगारला असेल, कर्ज लपवले असेल, तर तेही सांगावे.

जोडीदाराच्या खासगी गोष्टी, आजार, जुनी नाती यांतले प्रश्नाला जेवढे लागते तेवढेच उघड करावे. उद्या समेट झाला, तरी ऐकणाऱ्याच्या मनातून ते पुसले जात नाही. मुलांना कधीही सल्लागार करू नये: ‘तूच सांग, मी बाबांबरोबर राहू का?’ हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकण्यासारखा नाही.

आणि ज्याच्याकडे आपण जात आहोत, त्याला वेळ आहे का हे विचारावे. ऐकणाऱ्यालाही घर असते, थकवा असतो, आणि तो नकार देऊ शकतो.

पैसे नाहीत म्हणून वकिलाकडे न जाता ओळखीच्यांवर विसंबणाऱ्या बायका मला वारंवार भेटतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते; अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही ती मिळते. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या ठिकाणी समितीचे कार्यालय असते, आणि फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

१०. सल्ला दिल्यानंतर

आपण सुचवले त्याच्या उलट निर्णय झाला तरी दार उघडे ठेवावे. छळ सोसणाऱ्या बाया अनेकदा परत जातात, पुन्हा बाहेर पडतात, पुन्हा परत जातात. त्या प्रत्येक फेरीत ‘मी सांगितले होते’ हे वाक्य गिळण्याची तयारी नसेल तर या कामात पडू नये.

पैसे उसने देणे, घरी ठेवून घेणे, कोर्टात साक्षीला येईन असे म्हणणे, ही आश्वासने घरच्यांशी बोलल्याशिवाय देऊ नयेत. दिलेली मदत मध्येच काढून घेतली तर समोरची व्यक्ती आधीपेक्षा अधिक उघड्यावर पडते. भेटवस्तू, साडी, दिवाळीचा फराळाचा डबा नम्रपणे परत करावा. आमच्या केंद्रात चहासुद्धा केंद्राचाच असतो. पुढची भेट ठरवायची असेल तर वार, वेळ आणि कोण कोणाला फोन करणार, हे तिथेच कागदावर न लिहिता तोंडी पक्के करावे.